ट्रॅफिक आपोआप वळतं

१९ जानेवारी, सोमवार. अमरावती.
आजपासून रोज लिहायचं. वाचणारं कुणी नाही, म्हणजे खरं लिहायला हरकत नाही. आपली इंटरनेट कंपनी लहान असली तरी निर्णय मोठेच घ्यावे लागतात, आणि ते मी घेतो. त्यांची कुठेतरी नोंद हवी.
आजचा निर्णय. हायवेच्या कडेनं गेलेली अमरावती-अकोला लिंक पुढच्या मंगळवारी बंद करायची. मूर्तिजापूरच्या अलीकडे पुलाचं काम निघालं आहे, केबल बाजूला सरकवायची आहे. केबलवाल्यांनी दिवसाउजेडी काम करायला एक दिवस मागितला. दिला.
मालक वामनराव साहेब. केबल टीव्हीतून वर आलेले, राउटरला अजून डबाच म्हणतात. त्यांनी विचारलं, मग अकोल्याचे ग्राहक बोंबलणार काय. मी म्हटलं, साहेब, रिंग कशासाठी बांधली? अकोल्याला जायला दुसरी वाट आहेच. परतवाड्याहून अंजनगाव, अकोट, अकोला. एक वाट बंद झाली की राउटर दुसरी स्वतः शोधतो. ट्रॅफिक आपोआप वळतं. साहेबांना पटलं. मला साहेबांना पटवता येतं, हे ऑफिसात बऱ्याच जणांना खुपतं.
संकल्प: गोड बंद. सकाळी फिरायला जाणे. वर्षालीशी शांतपणे बोलणे.

२० जानेवारी
फिरायला गेलो नाही. थंडी.
वर्षालीशी बोललो. ती अकोल्याचं ऑफिस बघते. हुशार आहे, पण भित्री. म्हणाली, सर, लिंक एकदम बंद नका करू. हायवेची लिंक चौपदरी आहे, परतवाड्याकडची म्हणजे पांदण. अख्ख्या अकोल्याचं ट्रॅफिक तिच्यावर एकदम आलं तर काय होईल ते कुणी पाहिलेलं नाही. आधी हायवेच्या लिंकचा कॉस्ट, म्हणजे राउटरला दिसणारी त्या वाटेची किंमत, थोडा थोडा वाढवू. ती वाट महाग दिसली की राउटर ट्रॅफिक हळूहळू दुसरीकडे नेतील. पांदणीला झेपतंय का ते बघू. नाही झेपलं तर कॉस्ट पुन्हा खाली, कुणाचं काही बिघडत नाही. झेपलं, लिंक रिकामी झाली, की मग बंद.
म्हणजे पायाचा अंगठा बुडवून पाणी बघणे. मी म्हटलं, केबलवाले दिवसा येतात, तुझे प्रयोग कधी करायचे? ती म्हणाली, पहाटे कॉस्ट वाढवून बघू, दिवसा केबल कापू द्या. यावर मी विषय बदलला नाही. माझ्या दृष्टीनं विषय संपलाच होता.

२३ जानेवारी
साहेबांसमोर प्रेझेंटेशन. रिंगचं चित्र छान आलं. हिरव्या रंगात. खाली मोठ्या अक्षरांत ‘शंभर टक्के सुरक्षित’. साहेबांनी ते वाक्य दोनदा वाचलं. परतवाड्याची लिंक मोठी करायचं गेल्या वर्षीच ठरलं होतं असं वर्षालीने मध्येच काढलं. होतं. पण एकदा रिंग शंभर टक्के सुरक्षित आहे म्हटल्यावर ती मोठी कशासाठी करायची? तर्क बघायला नको का.
घरी येऊन प्रणालीला सगळं समजावलं. ती मेथी निवडत होती. ऐकलं म्हणाली.
खरा ऐकणारा माणूस नत्थुजी. प्रणालीचं माहेर अंजनगावचं, त्यांच्या शेजारचे. पानपिंपरीचा, म्हणजे औषधी वेलीचा, मळा आहे. आपला टॉवर आणि राउटरची पेटी त्यांच्याच छतावर. भाडं घेत नाहीत, फक्त नेट घेतात. कधी पेटी बघायला गेलो की मळ्यात बसवतात, जेवू घालतात आणि विचारतात, बरं जावईबापू, आता सांगा, हे येते कसं. मी सांगतो. ते शेवटपर्यंत ऐकतात. मग बायकोला, मैनाबाईंना, हाक मारून त्यांना पुन्हा सगळं सांगतात, बरंचसं बरोबर. असा माणूस ऑफिसात एक असता तर.

२६ जानेवारी
झेंडावंदन. जिलेबी. ही गोडात धरत नाहीत, ती देशाची असते.
उद्या.

२७ जानेवारी, मंगळवार. सकाळी.
तयार आहे. वर्षालीचा पुन्हा मेसेज, सर, निदान कॉस्टचं बघू या. अंगठा पाठवला. त्याचा अर्थ तिने काय लावायचा तो लावावा.

तीच तारीख. साडेअकरा.
केलं. एक कमांड. लिंक डाऊन. अकोल्याला पिंग लावून ठेवलं होतं, म्हणजे सारखी हाक मारायची आणि उत्तर येतं का बघायचं. थोडी पॅकेट हरवली, मग पुन्हा उत्तरं यायला लागली. परतवाड्याहून. वाट सापडली. मी खुर्चीत मागे टेकलो. या क्षणासाठी माणूस शिकतो.
केबलवाल्यांना फोन करून सांगितलं, कापा. त्यांनी कापली.
साहेबांना सांगितलं. चहा आला.

तीच तारीख. दुपारी.
फोन यायला लागले आहेत. अकोला बंद पडतंय, मग सुरू होतंय, मग बंद. सेटल व्हायला वेळ लागतो.
विचित्र म्हणजे परतवाडा आणि अंजनगावहूनही तक्रारी. त्यांचा आणि हायवेचा काय संबंध? त्यांच्या वाटेला तर आपण हातसुद्धा लावलेला नाही. हेल्पलाइनवर पोरी कमी पडल्या म्हणून मी स्वतः बसलो. प्रत्येकाला एकच सांगितलं. डबा बंद करा, थोडं थांबा, पुन्हा सुरू करा. परतवाड्याच्या एका दवाखान्यातून दोनदा फोन आला. दोनदा तेच सांगितलं. सातत्य महत्त्वाचं.

तीच तारीख. रात्री.
संध्याकाळ होत आली तेव्हा वर्षालीचा फोन. चिडलेली नव्हती, त्यामुळे जास्त राग आला. म्हणाली, सगळं अकोला त्या पांदणीत घुसलंय. जागा उरली नाही. राउटर एकमेकांना ‘मी जिवंत आहे’ असे छोटे निरोप पाठवत असतात, त्या गर्दीत ते निरोपही पोचत नाहीत. निरोप आला नाही की पलीकडचा राउटर मेला असं समजून ती वाटच पुसून टाकतात. वाट पुसली की गर्दी ओसरते. गर्दी ओसरली की निरोप पोचतात. मग वाट परत, गर्दी परत. आणि परतवाडा-अंजनगावची माणसं, जी मुळात त्याच वाटेवर राहतात, ती यात चेंगरून राहिली.
बरोबर असावं. सांगायचा सूर बरोबर नव्हता.
मी ताबडतोब हायवेची लिंक पुन्हा सुरू करायची कमांड दिली. आली नाही. कशी येणार, केबलचे दोन तुकडे खड्ड्यात पडले होते आणि केबलवाले कडूनिंबाखाली चहा पीत बसले होते. ही माहिती त्यांनी आधी द्यायला हवी होती.
मग वर्षालीने परवानगी मागितली. अकोल्याची घरगुती कनेक्शनं सगळी तोडते, म्हणजे निदान पांदणीवरची गावं तरी चालतील. मी म्हटलं, थांब. शंभर टक्के सुरक्षित म्हणून सांगितलं आणि आपल्या हातानं अर्धे ग्राहक तोडायचे? कसं दिसेल ते? ती म्हणाली, “सर, आता कसं दिसते हे पाहू नका. कोनाचं काय अडून राहिलं आपल्याले माहीत नाही.”
मी म्हटलं, सेटल होईल.
दिवेलागणीला केबल जोडली गेली. लिंक आली. सगळं सुरळीत. झालंच की सेटल.
एकूण दिवस यशस्वी. काही धडे.

२८ जानेवारी
रिपोर्ट लिहिला. ‘काही भागांत काही काळ आंशिक मंदी.’ ‘बंद’ हा शब्द कुठेही वापरला नाही. कारण: पुलाचं काम. दुसरं कारण: परतवाडा लिंकची अपुरी क्षमता. हे मीच निदर्शनास आणून दिलं अशी नोंद केली.
संध्याकाळी प्रणाली भाकरी थापत होती. म्हणाली, नत्थूकाका काल मळ्यात पडले.
दुपारी वेल बांधता बांधता पडले. उजवा हात, उजवा पाय गेला, तोंड वाकडं झालं. मैनाबाईंनी गाडी करून परतवाड्याच्या दवाखान्यात नेलं. डोक्याचा फोटो काढला. मेंदूचा डॉक्टर तिथे नाही, तो इथे अमरावतीत बसतो आणि नेटवर फोटो बघून सांगतो काय करायचं ते. रक्त गोठलं असेल तर एक इंजेक्शन असतं, वेळेत दिलं तर. रक्त वाहिलं असेल तर तेच इंजेक्शन जीव घेतं. त्यामुळे फोटो बघितल्याशिवाय परतवाड्याचा डॉक्टर हात लावेना. फोटो जाईनात. जातात, अडकतात, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी ॲम्ब्युलन्स करून अमरावतीला आणलं. तोवर इंजेक्शनाची वेळ गेली होती.
इथल्याच दवाखान्यात आहेत. प्रणाली दुपारी जाऊन आली.
तव्यावरची भाकरी जळत होती. तिने काढली नाही. विचारलं, काल नेट काहून बंद होतं.
मी म्हटलं, हायवेवर पुलाचं काम आहे.
खोटं काही नाही यात.

३० जानेवारी
चौकशी केली, आडून. आमच्या ओळखीचा एक डॉक्टर आहे. त्याला सर्वसाधारण प्रश्न म्हणून विचारलं. तो म्हणाला, इंजेक्शन मिळाल्यावर काही पेशंट उठतात, काही नाही उठत. नत्थुजींचं काय झालं असतं ते कुणीच सांगू शकत नाही.
कुणीच सांगू शकत नाही. हे वाक्य लक्षात ठेवायचं.
शिवाय दवाखान्यासारख्या ठिकाणी दोन कंपन्यांची दोन कनेक्शनं असायला नकोत का? एकाच्या भरवशावर राहणं हा निष्काळजीपणा आहे. आमची रिंग आहे, दुसऱ्याची गरज नाही, असं आपणच त्यांना सांगितलं होतं. पण ते विक्रीचं बोलणं असतं.

१ फेब्रुवारी, रविवार
नत्थुजींना बघायला जायचं ठरवलं. सफरचंदं घेतली. दवाखान्याच्या दारात गाडी लावायला जागा नव्हती. बराच वेळ थांबलो. भेटायची वेळ संपत आली होती, उगाच पेशंटला त्रास. परत आलो. सफरचंदं घरी खाल्ली, फळ प्रकृतीला चांगलं. प्रणालीला ती दिसली.
पुढच्या रविवारी नक्की.

३ फेब्रुवारी
साहेबांनी दोघांना बोलावलं. वर्षाली अकोल्याहून आली होती. तिने आलेख लावला. परतवाडा लिंकची रेघ दुपारभर वर, छताला टेकलेली, मध्येच खाली कोसळलेली, पुन्हा वर. माझ्या रिपोर्टमधली आंशिक मंदी त्यात सापडत नव्हती.
तिने सगळं सांगितलं. आधी काय सुचवलं ते, आणि त्या दिवशी परवानगी मागितली तेही. मी म्हटलं, तिला इतकी खात्री होती तर तिने जास्त आग्रह धरायला हवा होता. हे बोलल्यावर वर्षालीने आलेख बंद केला, म्हणजे मुद्दा पोचला.
साहेबांना दवाखान्याचं कळलं होतं. बराच वेळ टेबलावरची काच पुसत बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “देवमन, डब्यायचे पासवर्ड वर्षालीले देऊन टाका.”
दिले. खरं तर बरं झालं. रोजच्या कटकटीतून मोकळा झालो, आता प्लॅनिंगकडे लक्ष देता येईल. टेबलही बदललं आहे. स्टोअर रूमच्या शेजारी, केबलच्या रिळांपाशी. शांत जागा. प्लॅनिंगला शांतता लागते.

८ फेब्रुवारी, रविवार
गेलो नाही. डोकं दुखत होतं. शिवाय प्रणाली म्हणाली, त्यांना आता घरी अंजनगावला नेणार आहेत. मग घरीच भेटावं, निवांत.

१० फेब्रुवारी
हायवेच्या केबलचं उरलेलं काम होतं. वर्षालीने लिंक पुन्हा बंद केली. पहाटे कॉस्ट वाढवत गेली, पांदण भरायला लागली तसं अकोल्याच्या घरगुती ग्राहकांचा वेग थोडा कमी करून ठेवला, त्यांना आदल्या दिवशी मेसेज गेलेलेच होते. लिंक रिकामी झाल्यावर मग बंद. दिवसभर हेल्पलाइनला एक फोन नाही. पोरी स्वेटर विणत होत्या.
यात काय विशेष? काही घडलंच नाही तर इंजिनियर लागतो कशाला. साहेबांनी पेढे आणले. मी एक घेतला. एकानं काही होत नाही.

१३ फेब्रुवारी
प्रणालीला कळलं आहे. तिच्या भावानं परतवाड्याच्या दवाखान्यात विचारलं, तिथे त्यांनी सांगितलं, कंपनीनं दुसरीकडची लाइन बंद केली होती, आम्ही फोन केला तर एक माणूस डबा बंद करून चालू करा म्हणत राहिला.
ती दारात उभी होती, हातात पिशवी. विचारलं, “तो मानूस तुमी होते काय?”
मी म्हटलं, हेल्पलाइनवर बरेच जण बसतात.
ती थांबली. मला वाटलं आणखी काही विचारेल, आणि मी उत्तराची जुळवाजुळवही केली होती. तिने विचारलं नाही. अंजनगावची बस पकडून गेली. मैनाकाकू एकट्या आहेत, त्यांना करू लागते म्हणाली.
माहेरी जाऊन बरेच दिवस झाले होते तिला. बदल हवाच.

१६ फेब्रुवारी
स्वयंपाक स्वतः करतो. भात. संकल्पांच्या दृष्टीनं ही सुधारणाच.
प्रणालीचा फोन नाही. मी केला. मैनाकाकूंना बाहेरची कामं बघावी लागतात, मुक्काम वाढेल म्हणाली. किती, ते सांगितलं नाही. नत्थूकाका बोलतात का विचारलं. नाही म्हणाली. मागून कुणीतरी घशातून आवाज काढत होतं. ते तेच आहेत का विचारलं. हो म्हणाली.

१९ फेब्रुवारी
ठरवलं आहे. रविवारी अंजनगावला जायचं आणि सगळं समजावून सांगायचं. गैरसमज हा माहितीच्या अभावातून होतो. मैनाबाईंना नीट, सोप्या भाषेत सांगितलं की हे एका माणसाचं काम नाही, यंत्रणा अशी असते, ट्रॅफिक असं वळतं, लिंक अशी भरते, तर त्या समजून घेतील. प्रणालीही समजून घेईल. आजपासून तयारी. ऑफिसात रिळांपुढे एकदा बोलून बघितलं. चांगलं जमलं. ‘मी’ हा शब्द न घेता सगळं सांगता येतं.

२२ फेब्रुवारी, रविवार. अंजनगाव. संध्याकाळी, बसस्टँडवर.
परतवाड्यापर्यंत बस, पुढे जीप. जीपमध्येही मनात एकदा म्हटलं.
नत्थुजी पुढच्या खोलीत, खाटेवर. अर्धे झाले आहेत. प्रणाली त्यांना वाटीनं वरणाचं पाणी पाजत होती, उजवीकडून गळत होतं, ती पुसत होती. मला पाहून वाटी मैनाबाईंच्या हातात दिली आणि आत गेली. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला.
मैनाबाईंनी खुर्ची दिली. मी बोलायला सुरुवात केली. ठरवल्याप्रमाणे. रिंग म्हणजे काय, दोन वाटा कशा, एक बंद केली तर काय होतं, दुसरी कशी भरते, राउटर एकमेकांना निरोप कसे पाठवतात. एकही शब्द चुकला नाही. मैनाबाई पदरानं वाटीची कड पुसत ऐकत होत्या. नत्थुजींचे डोळे माझ्यावर होते. शेवटपर्यंत ऐकत होते, पूर्वीसारखेच. फक्त या वेळी त्यांनी काही विचारलं नाही.
मी थांबलो. त्या खाटेकडे बघत म्हणाल्या, “मले काई समजलं नाई, बापू. नेहमी हेच समजावून सांगत मले. यायले समजलं असन.”
मी नत्थुजींकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. दुपारची वेळ, झोप येत असेल. घशातून आवाज येत होता.
आतला भांड्यांचा आवाज थांबला होता. मला वाटलं प्रणाली बाहेर येईल. मी तिला काय म्हणायचं याची तयारी केलेली नव्हती. ती आली नाही.
मी उठलो. म्हटलं, येतो. मैनाबाई म्हणाल्या, आलेच आहा तर जरा हात लावा, यायची कूस बदलायची हाय, पाठीले जखम व्हायला लागली, दोघी बायांना झेपत नाही.
मी खांद्याला धरलं, त्यांनी कमरेला. पहिल्यांदा हलले नाहीत. त्या म्हणाल्या, नीट धरा. मी नीट धरलं. त्यांचा डावा हात माझ्या मनगटावर आला आणि तिथेच राहिला, आम्ही त्यांना पूर्ण वळवेपर्यंत.
फार जड होते.